निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी जगभर सारख्याच असतात का?

नाही. रिपोर्टवर छापलेली 4,000 ते 11,000 (प्रति मायक्रोलिटर) ही मर्यादा सोयीची आहे, पण ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाही.

सर्वात ठळक फरक न्यूट्रोफिलमध्ये, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये दिसतो. आफ्रिकी आणि काही अरब वंशाच्या अनेक लोकांमध्ये तांबड्या पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं. त्यांचे न्यूट्रोफिल 1,500 च्या खाली असू शकतात, तरी संसर्गाचा धोका वाढत नाही. गंमत म्हणजे याच जनुकीय बदलामुळे व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. हे माहीत नसेल तर निरोगी माणसाच्या मागे उगाच तपासण्यांचं शुक्लकाष्ठ लागतं, कधी आवश्यक औषधही थांबवलं जातं.

सीडी4 पेशी (रोगप्रतिकारशक्तीला मदत करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) साधारण 500 ते 1,500 असतात. निरोगी इथिओपियन लोकांमध्ये मात्र त्या सरासरीने कमी आढळल्या आहेत. स्त्रियांमध्ये किंचित जास्त असतात. एकाच माणसाचा आकडाही सकाळी कमी, रात्री जास्त येतो. धूम्रपानाने एकूण पांढऱ्या पेशी वाढतात.

त्यामुळे आकडा मर्यादेच्या जरा बाहेर दिसला तर आधी स्वतःचे जुने रिपोर्ट काढा आणि डॉक्टरांना दाखवा. वर्षानुवर्षे तोच आकडा आणि तब्येत ठणठणीत असेल, तर बहुधा तोच तुमचा नॉर्मल.