विमानतळ चालवण्याचा गेम घ्यावा की विमान कंपनीचा?

आपण विचारले आहे की विमानतळ किंवा विमान कंपनी चालवण्याचा एखादा गेम घ्यायचा आहे, लॅपटॉप साधाच आहे, तर कोणता घ्यावा. चित्रे कोणाची चांगली, असेही आपण विचारले आहे. लातूरला ट्रॅव्हल्सच्या धंद्यात सतरा वर्षे काढलेला माणूस म्हणून माझे मत स्पष्ट आहे: चित्रांकडे पाहू नका. तोट्यातली एक फेरी बंद केल्यावर दुसऱ्या फेरीच्या सीटा कशा रिकाम्या पडतात, हे ज्या गेममध्ये दिसत नाही त्याला मी वाहतुकीचा गेम म्हणत नाही.

विमानतळाच्या गेमविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांत माझे मन रमले नाही. ‘एअरपोर्ट सीईओ’ हा स्वीडनमधल्या अपोअप्सिस स्टुडिओजचा गेम २०१७ मध्ये अर्धवट अवस्थेत विक्रीला आला आणि २०२१ मध्ये पूर्ण झाला. ‘सिमएअरपोर्ट’ हाही २०१७ चाच. दोन्हींत धावपट्टी, विमाने उभी करण्याच्या जागा, सामानाचे पट्टे आणि सुरक्षा तपासणीच्या रांगा आपण बांधायच्या, आणि कंपन्यांशी करार करून त्यांची विमाने आपल्याकडे आणायची. काम बारकाईचे आहे. एक पट्टा चुकीच्या ठिकाणी जोडला तर बॅगा तुंबतात आणि पुढचे सगळे वेळापत्रक घसरते. पण विमान दुसऱ्याचे आणि प्रवासीही दुसऱ्याचा, त्यामुळे बसस्थानकाचा ठेका घेतल्यासारखे वाटते. शिवाय विमानतळ मोठा होऊन गर्दी वाढली की साध्या लॅपटॉपला धाप लागते, आणि आपल्या दृष्टीने तोच मुद्दा महत्त्वाचा असावा.

आता कंपनीच्या गेमकडे येतो, मात्र त्यासाठी आमच्या पिकअप गाडीची, म्हणजे बाहेरगावचे प्रवासी आणून मोठ्या गाडीला जोडणाऱ्या गाडीची, हकिगत सांगावी लागेल.

थोरले बंधू आणि मी मिळून लातूर-पुणे अशी रात्रीची स्लीपर चालवत होतो. तिला जोडून निलंग्याहून औशामार्गे एक टेम्पो ट्रॅव्हलर यायची. ती संध्याकाळी साडेसातला निलंगा सोडून नवाच्या सुमारास शिवाजी चौकातल्या आमच्या कार्यालयासमोर लागत असे, आणि पावणेदहाला पुण्याची गाडी सुटत असे. निलंग्याची माणसे बहुतेक पाच, कधी सहा. पिकअपचे पन्नास रुपये धरले तर सहा जणांचे तीनशे होत, आणि जाण्या-येण्याचे डिझेल चारशेच्या वर जाई. दादांनी दोन्ही गाड्यांचा हिशोब वेगळा ठेवला होता आणि पिकअपच्या पानावर दर महिन्याच्या शेवटी लाल शाईने आकडा पडत असे. तेच सहा प्रवासी पुण्याच्या तिकिटाचे प्रत्येकी चारशे, म्हणजे रोजचे चोवीसशे रुपये, आणत होते. पण ती रक्कम पुण्याच्या पानावर जमा होई आणि तिचे श्रेय अर्थातच पुण्याच्या गाडीला मिळे.

२०११ च्या दिवाळीनंतर दादांनी पिकअप बंद केली. “डिझेल बी निघना गेलंय त्या गाडीचं, कशाला पोसायची?” एवढ्या एका वाक्यात निर्णय झाला. मी वहीतली दोन पाने शेजारी ठेवून दाखवली, तेव्हा त्यांनी पाने मिटवून वही गल्ल्यात टाकली. संक्रांतीपर्यंत पुण्याच्या चार्टवर मागच्या सीटा कोऱ्या राहू लागल्या. मी तो चार्ट रोज त्यांच्यासमोर ठेवत असे, आणि ते रोज सांगत की सीझन मंद आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी पुतण्याने मला ‘एअरलाइनसिम’ दाखवला. हा जर्मनीतून चालणारा, ब्राउझरमध्येच खेळायचा गेम आहे, त्यामुळे लॅपटॉप कसाही चालतो. चित्रे जवळजवळ नाहीतच, समोर तक्ते असतात. एकाच जगात अनेक खेळाडूंच्या कंपन्या स्पर्धा करतात आणि घड्याळ खरे चालते, म्हणजे दोन तासांचे उड्डाण दोन तासच घेते. विमान भाड्याने घ्यायचे किंवा जुने विकत घ्यायचे, विमानतळावर स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, मिळवायचे, भाडे ठरवायचे, कर्मचाऱ्यांचे पगार द्यायचे आणि वेळापत्रक बसवायचे. प्रवासी मात्र एका फेरीचे तिकीट घेत नाही. त्याला या गावाहून त्या गावाला जायचे असते आणि भाडे, लागणारा वेळ, सोय पाहून तो मध्ये विमान बदलण्याचा पर्यायही निवडतो. बदलायला किमान किती वेळ हवा, हेसुद्धा विमानतळानुसार ठरलेले असते. हे कळल्यावर मी खुर्ची पुढे ओढून बसलो.

मी हैदराबादला तळ ठेवून औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) एटीआर-७२ ची फेरी लावली. साधारण सत्तर जागांचे पंख्याचे विमान, म्हणजे आमची टेम्पो ट्रॅव्हलरच. फेरीचा स्वतःचा हिशोब तोट्यात होता. ती आठवडाभर बंद ठेवून पाहिली, तर हैदराबादहून चेन्नई आणि कोचीला जाणाऱ्या माझ्या विमानांतले प्रवासी कमी झाले. पुन्हा सुरू केली, आणि या वेळी औरंगाबादहून सुटण्याची वेळ पंचवीस मिनिटे अलीकडे घेतली, म्हणजे चेन्नईचे विमान गाठता येईल. ते विमान पूर्वीपेक्षाही जास्त भरू लागले. निलंग्याची गाडी साडेसातऐवजी सव्वासातला सोडावी, असे मी त्या वेळीही म्हणत होतो.

यामागचे गणित सोपे आहे. मधल्या एका गावातून दहा गावांना फेऱ्या ठेवल्या तर फेऱ्या दहाच होतात, पण अकरा गावांच्या मिळून पंचावन्न जोड्या विकता येतात. त्यातली एक फेरी काढली की वहीतून एक ओळ जाते आणि विक्रीतून दहा जोड्या जातात. अमेरिकेत १९७८ साली विमान कंपन्यांवरचे मार्ग आणि भाड्याचे सरकारी नियंत्रण उठल्यावर तिथल्या मोठ्या कंपन्या या मधल्या गावाच्या पद्धतीकडे वळल्या, त्या काही उगाच नाही. आपल्याकडे २७ एप्रिल २०१७ रोजी लहान शहरांना विमानाने जोडण्याच्या सरकारी उडान योजनेचे पहिले विमान सिमल्याहून दिल्लीला निघाले, त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद मार्गालाही हिरवा झेंडा मिळाला. तासाभराच्या प्रवासाला काही जागांचे भाडे २५०० रुपयांपर्यंत बांधून दिलेले, आणि कंपनीला जे कमी पडेल त्यासाठी तीन वर्षे अनुदान. नांदेडचा माणूस हैदराबादला उतरून पुढे कुठेही जाऊ शकतो, हे ज्याने मार्ग आखला त्याला नक्कीच कळत होते.

मी दादांना बोलावून स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ तक्ता वाचला, इंधनाचा रकाना कोणता ते विचारले आणि औरंगाबादच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “ही बंद कर.”

त्यांच्यासारख्या माणसाला ‘एरोबिझ’ शोभेल. जपानच्या कोएई कंपनीचा हा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा गेम आहे, त्यात एक चाल म्हणजे तीन महिने, आणि प्रत्येक मार्गाकडे मुख्यतः त्या मार्गापुरतेच पाहिले तरी भागते. १९९८ चा जर्मन ‘एअरलाइन टायकून’ विनोदी आहे. विमानतळाच्या इमारतीत या दारातून त्या दारात फिरत कामे मिळवायची आणि प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत काटे पेरायचे. करमणूक म्हणून तो चांगला आहे. मोबाइलवरचे बहुतेक गेम थांबा किंवा पैसे टाका या तत्त्वावर चालतात, त्यांच्या नादी लागू नका.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ‘एअरलाइनसिम’ कायम फुकट खेळता येत नाही, त्याचे क्रेडिट विकत घ्यावे लागतात. तेव्हा थोड्या दिवसांपुरते घेऊन पाहा. घड्याळ आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून परीक्षा किंवा लग्नसराई तोंडावर असेल तर सुरूच करू नका. पहिला महिना कंटाळवाणा जाईल. आपल्याला हाताने काहीतरी बांधण्यातच आनंद असेल तर माझे सगळे बोलणे सोडून ‘एअरपोर्ट सीईओ’ घ्या आणि विमानतळ लहान ठेवा. उडानमधलेही बरेच मार्ग अनुदान संपल्यावर बंद पडले, म्हणजे प्रत्येक तोट्यातली फेरी पोसावीच असे नाही. आणि त्याच हिवाळ्यात दुसऱ्या एका ट्रॅव्हल्सने निलंग्याहून थेट पुण्याची गाडी सुरू केली होती, त्यामुळे आमच्या मागच्या सीटा नेमक्या कोणत्या कारणाने रिकाम्या राहिल्या हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पुतण्या हे उत्तर वाचेलच. त्याने एवढा शेवटचा परिच्छेद आपल्या वडिलांना वाचून दाखवू नये, ही विनंती.