साहेबांचा बुद्ध्यांक किती? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : शाळेच्या ग्रुपवर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या बुद्ध्यांकाची (आयक्यूची) यादी आली आहे. क्लिंटन 182, केनेडी 174, धाकटे बुश 91. खाली संशोधन संस्थेचं नावही आहे. सामान्यज्ञानाच्या फळ्यावर लिहू का? – एक शिक्षिका, जिंतूर

उत्तर : लिहू नका, ताई. ही यादी 2001 सालापासून फिरते आहे. ज्या 'लव्हेनस्टाइन इन्स्टिट्यूट'चा तिच्यात हवाला असतो, ती संस्था कधी अस्तित्वातच नव्हती. लंडनच्या 'गार्डियन' या वृत्तपत्रानं ती खरी मानून मजकूर छापला आणि मागाहून चूक कबूल केली.

संस्थेचा पत्ता लागत नसला तरी आकडा स्वतःच तपासता येतो. बुद्ध्यांकाची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप, 15 धरतात. 130 च्या वर शंभरात जेमतेम दोन जण, 145 च्या वर हजारात एखादा-दुसरा. या हिशेबानं 182 म्हणजे चार कोटींहून जास्त माणसांत एक. आता ज्यानं मोजायचं ते माप बघा. प्रौढांचा बुद्ध्यांक मोजणाऱ्या वेक्सलर चाचणीची चौथी आवृत्ती 2,200 लोकांवर प्रमाणित केली गेली आणि तिची वरची हद्द 160 आहे. तिच्यावरून 182 सांगणं म्हणजे किराणा दुकानाच्या काट्यावर उसाची ट्रॉली तोलणं. त्यामुळे 160 च्या पुढचा आकडा दिसला की पहिला प्रश्न हाच विचारा : चाचणी कोणती, कोणत्या साली, घेतली कोणी?

काही आकडे मात्र खऱ्या अभ्यासातून उचललेले असतात, आणि तेच जास्त फसवतात. मानसशास्त्रज्ञ डीन सायमंटन यांनी 2006 मध्ये 42 राष्ट्राध्यक्षांच्या बुद्ध्यांकाचे अंदाज छापले. त्यांचा एक आधार होता कॅथरिन कॉक्स यांचं 1926 चं काम : 301 नामवंतांची चरित्रं वाचून, कोण कितव्या वर्षी काय करत होता त्यावरून काढलेला अंदाज. यात चाचणी कुणीच दिलेली नाही. शिवाय बालपणाच्या नोंदी कमी असल्या की आकडा आपोआप खाली येतो. लोहाराच्या घरी जन्मलेल्या शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेला बालपणाच्या नोंदींवरून या पद्धतीनं 105 दिले. मोठेपणीच्या कामाची माहिती धरल्यावर तेच 150 झाले. माणूस तोच, कागद वाढले. हीच रीत निजामी मराठवाड्यात वाढलेल्या नेत्यांना लावली तर काय होईल? शाळा मोजक्या, घरी मराठी आणि पुढचं शिक्षण उर्दूतून, बालपणाच्या नोंदी कुठे जपलेल्याच नाहीत. त्यांच्या वाट्याला खालचा आकडाच येणार, आणि तो त्यांच्या बुद्धीचा नसेल, गरिबीचा असेल.

प्रश्न : ट्रम्प यांना बुद्धीच्या चाचणीत 30 पैकी 30 मिळाले म्हणतात. तीच चाचणी मोबाइलवर वडिलांची घेतली तर चालेल का? ते 74 वर्षांचे आहेत, विसरतात. – एक वाचक, औसा

उत्तर : 2018 मध्ये त्यांना 30 पैकी 30 मिळाले हे खरं, पण ती बुद्ध्यांकाची चाचणी नव्हे. तिचं नाव मोका, म्हणजे मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट. स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नाही ना, हे चाळून बघायला ती तयार केली. दहा-बारा मिनिटं लागतात. घनाचं चित्र पाहून काढायचं, अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं घड्याळ काढायचं, प्राण्यांची नावं सांगायची, शंभरातून सात-सात वजा करत जायचं, आणि सुरुवातीला ऐकवलेले पाच शब्द थोड्या वेळानं आठवून सांगायचे. 26 आणि त्यावर गुण म्हणजे ठीक. बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. 30 पैकी 30 मिळाले म्हणजे बिघाडाची खूण सापडली नाही, एवढंच.

वडिलांची चाचणी घरी घेऊ नका. पाच शब्द एकदा पाठ झाले की तपासणीच्या दिवशी गुण फुगतात आणि खरा त्रास झाकला जातो. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. चष्मा आणि कानाचं यंत्र विसरू नका, नीट ऐकू आलं नाही तरी गुण कमी पडतात. शिक्षण फारसं झालेलं नसेल तर सांगा. त्यासाठी 'मोका-बेसिक' ही वेगळी आवृत्ती आहे.

प्रश्न : मग नेत्यांचा बुद्ध्यांक खरंच मोजल्याचं उदाहरण नाहीच का? – एक विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या तुरुंगात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गुस्ताव गिल्बर्ट यांनी हिटलरच्या राजवटीतल्या नाझी आरोपींना वेक्सलर-बेलव्ह्यू चाचणीची जर्मन आवृत्ती दिली होती. शाख्त 143, गोअरिंग 138, श्ट्रायशर 106. गोअरिंगचा आकडा खरा आहे, आणि हिटलरचा हा उजवा हात कसला माणूस होता ते जगाला ठाऊक आहे.

प्रश्न : जयंतीच्या फलकावर 'कोलंबिया विद्यापीठाच्या जगातील 100 विद्वानांत बाबासाहेब पहिले' असं लिहायचं ठरलं आहे. बरोबर आहे ना? – युवक मंडळ, नांदेड

उत्तर : हे वाक्य बदला. कोलंबियानं 2004 मध्ये, स्थापनेला 250 वर्षं झाली म्हणून, आपल्या कर्तबगार माणसांची यादी केली. बाबासाहेब तिच्यात आहेत. पण ती जगातल्या विद्वानांची यादी नव्हे, आणि तिच्यात पहिला-दुसरा असा क्रमही नाही.

उलट बाबासाहेबांसाठी फुगवलेलं काही लागतच नाही. फलकावर हे लिहा : कोलंबियाचे एम.ए. 1915, पीएच.डी. 1927, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे एम.एस्सी. 1921, डी.एस्सी. 1923, ग्रेज इनचे बॅरिस्टर. जागा उरली तर कोलंबियात घेतलेले अभ्यासक्रम द्या : अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. एकूण साठ भरतात. आणि आपल्या भागासाठी एक ओळ हवीच : 1950 साली औरंगाबादला त्यांनी सुरू केलेलं, पुढे मिलिंद नावानं ओळखलं गेलेलं महाविद्यालय. चुकीची एक ओळ कुणी पकडली की खालच्या खऱ्या ओळींवरही शंका घेतली जाते, म्हणून ती पहिली ओळ काढाच.

प्रश्न : आमच्या उमेदवाराला कार्यकर्ते 'सुपर आयक्यू' म्हणतात. तपासायचं कसं? – एक मतदार, माजलगाव

उत्तर : बुद्ध्यांक तपासता येणार नाही, शिक्षण येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालापासून उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता आणि गुन्हे शपथेवर सांगावे लागतात. विधानसभा-लोकसभेसाठी हे शपथपत्र 'नमुना 26' मध्ये असतं आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उघडता येतं. शिक्षणाच्या रकान्यात पदवी, संस्था आणि वर्ष तिन्ही आहेत का बघा. मग मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा. दोन्हींत वर्ष वेगळं निघालं तर तिथे बोट ठेवून विचारा. माहिती जाणूनबुजून खोटी दिली असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.