वाचक विचारतात: नादिया तुएनी कोण होती?

प्रश्न: ताई, लेबनॉनच्या नादिया तुएनीचं नाव एका लेखात वाचलं, पण तिथे 'संपादकाची बायको आणि खून झालेल्या खासदाराची आई' एवढंच. ती स्वतः काय लिहायची? आणि अरब असून फ्रेंचमधे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अहो, हीच तर चीड येते ना, बाई कवी आणि ओळख कोणाची तर नवऱ्याची न् मुलाची! नवरा म्हणजे 'अन-नहार' पेपरचे घस्सान तुएनी, मुलगा जिब्रान, 2005 मधे बैरुतमधे बॉम्बस्फोटात मारला गेला, पण तेव्हा नादियाला जाऊन बावीस वर्षं झाली होती, म्हणजे त्या घटनेचा तिच्या कवितेशी काडीचा संबंध नाही.

जन्म 1935 चा. वडील द्रूझ पंथाचे (इस्लाममधूनच फुटलेला एक वेगळा पंथ), मुत्सद्दी, आई फ्रेंच. त्यामुळे फ्रेंच ही घरातलीच भाषा, शिवाय तेव्हा लेबनॉनवर फ्रान्सचाच अंमल, बऱ्या घरातली पोरं फ्रेंच शाळेतच जायची, वडलांच्या नोकरीमुळे अथेन्सला गेली तर तिथेही फ्रेंच शाळाच. नवरा परत ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. म्हणजे जे पंथ पुढे एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले त्यातले दोन तर हिच्या घरातच जेवायला बसायचे.

लिहायला लागली ती मात्र फार वाईट कारणाने. सात वर्षांची मुलगी, नायला, कॅन्सरने गेली, आणि 1963 मधे पहिला संग्रह आला. तरी मी म्हणेन की तिला नुसती दुःखाची कवी समजू नका, खरी नादिया कळते ती 1968 च्या संग्रहात. नावच बघा, 'जून आणि पाखंडी बायका'. जून म्हणजे 1967 चं इस्रायल-अरब युद्ध, आणि त्यात चार बायका, एक ख्रिश्चन, एक मुसलमान, एक ज्यू, एक द्रूझ. अरब युद्ध हरल्यावर सगळे गळे काढत होते किंवा शिव्या देत होते तेव्हा हिने शत्रूच्या धर्माच्या बाईलाही कवितेत बरोबरीची जागा दिली, याला हिंमत लागते हो. 1973 मधे फ्रेंच अकादमीचं बक्षीसही मिळालं, ते एक असो.

1975 ला लेबनॉनमधे यादवी पेटली. तर 1979 मधे हिने काय काढलं, 'लेबनॉन: एका प्रेमासाठी वीस कविता', बैरुत, बिब्लोस, बालबेक, देवदारांची झाडं, एकेकावर कविता, आणि तीन वर्षांनी त्याच युद्धावरचा दुसरा संग्रह, तो बराच कडू आहे. 1983 मधे ती स्वतःही कॅन्सरनेच गेली, पन्नाशीही नाही गाठली.

फ्रेंच येत नसेल तर हे शेवटचे दोन्ही संग्रह एकत्र इंग्रजीत आलेत, 2006 मधे, शेजारी मूळ फ्रेंचही आहे. ऑनलाइन मिळायला हरकत नाही. आधी बैरुतवरची कविता काढून वाचा, जीवनचरित्र नंतर.