हेर होता तर मंत्री कसा झाला?

प्रश्न: आमच्याकडे बुद्धिबळाच्या क्लासला सर सांगत होते की नतान शरान्स्की नावाच्या इस्रायलच्या मंत्र्याने बुद्धिबळातल्या जगज्जेत्या कास्पारोवला हरवलं होतं, आणि आधी तो रशियात हेर म्हणून जेलमध्ये होता. खरं आहे का? आणि हेर होता तर मंत्री कसा झाला?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर: दादा, कास्पारोवचं खरंय. १९९६ मध्ये कास्पारोव इस्रायलला आला होता, एकाच वेळी बऱ्याच जणांशी खेळत होता, त्यात शरान्स्की जिंकले.

हेर मात्र ते नव्हते. जन्म १९४८चा, युक्रेनमधल्या दोनेत्स्कचा, शिक्षण गणिताचं. १९७३ मध्ये इस्रायलला जायची परवानगी मागितली, मिळाली नाही, मग मानवी हक्कांसाठी लढणारे शास्त्रज्ञ सखारोव यांच्यासाठी इंग्रजी दुभाष्याचं काम करू लागले, आणि १९७६ ला मॉस्को हेलसिंकी ग्रुप निघाला त्यात सुरुवातीपासून होते, म्हणजे सोव्हिएत सरकारने हेलसिंकीत मानवी हक्कांच्या ज्या कागदावर सही केली ती पाळतंय का हे जगाला सांगणारी मंडळी. हेच खुपलं सरकारला. मार्च १९७७ मध्ये उचललं, अमेरिकेचा हेर म्हणून केस लावली, तो आमचा माणूस नाही असं प्रेसिडेंट कार्टर जाहीर बोलले तरी १३ वर्षांची शिक्षा ठोकलीच.

बायको अविताल लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी इस्रायलला गेलेली, ती नवऱ्याच्या सुटकेसाठी देशोदेशी फिरत राहिली. इकडे हे शिक्षाकोठडीत, थंडीत, मनातल्या मनात बुद्धिबळाचे डाव खेळायचे. बायकोने दिलेलं स्तोत्रांचं एक छोटं पुस्तक होतं, ते काढून घेतलं की भांडायचे. आपल्या धुळ्याच्या जेलात १९३२ ला विनोबा गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी उतरवून घ्यायचे, तुम्ही अमळनेरचे, जेलमध्ये अशा पुस्तकाचा काय आधार असतो हे तुम्हाला काय सांगावं. तब्येतीचं कारण देऊन अर्ज करा, सोडतो, असंही सांगून पाहिलं, यांनी नाही केला अर्ज, कारण अर्ज म्हणजे गुन्हा कबूल. मला या माणसाचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं. ११ फेब्रुवारी १९८६ ला सोडलं, त्या प्रवासातही पुस्तक परत देईनात तर हे बर्फात आडवे झाले, पुस्तक मिळालं तेव्हाच उठले! मग बर्लिनच्या ग्लिनिके पुलावरून पलीकडे, पश्चिम बर्लिनमध्ये गेले.

मंत्री होण्याचं म्हणाल तर सोव्हिएत संघातून लाखो ज्यू इस्रायलला आले, त्यांना घरं, नोकऱ्या यांची अडचण होती, त्यांच्यासाठी शरान्स्कींनी पक्ष काढला आणि १९९६ ला ७ जागा निवडून आल्या. उद्योग, गृह, घरबांधणी अशी खाती सांभाळली. दोनदा खुर्ची सोडली, २००० मध्ये पंतप्रधान बराक पॅलेस्टिनींशी बोलणी करायला अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला निघाले म्हणून आणि २००५ मध्ये गाझातून इस्रायली वस्त्या हलवायचं ठरलं म्हणून. हा दुसरा राजीनामा मला पटत नाही, ज्याने स्वतः इतकं सोसलं त्याने पॅलेस्टिनी लोकांच्या हक्काचा जास्त विचार करायला हवा होता, पण त्यांचं म्हणणं असं की समोर लोकशाही नसताना जमीन सोडून शांतता येत नाही. पुढे २००९ ते २०१८ ज्यूइश एजन्सी म्हणजे जगभरच्या ज्यूंना इस्रायलला यायला मदत करणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष होते.