मुलगी सिनियरशी भांडली, ते बरोबरच केलं तिने

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बायोटेकमध्ये एमएस्सी करतेय, प्रोजेक्टमध्ये सशांच्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत, लवचिक आवरण, तिथे पाडलेल्या खड्ड्यात किती चांगली भरून आली ते स्लाइडवर बघून स्कोअर देते, तुम्हाला हे टेक्निशियनचं काम वाटतं, म्हणून तिला न विचारताच तुम्ही तिच्या नावाने मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरलात, तिसऱ्यांदा. मार्कांवर तुम्ही पानभर लिहिलंय, पण मला काळजी वाटते ती या फॉर्मची. दोनदा बसली, नाही झालं, त्यातून सावरून ती कुठेतरी रमलीय आणि घरातच तिच्या कामाला किंमत नाही, हे तिला रोज ऐकावं लागत असणार.

आणि तुमची जी तक्रार आहे, की ती सिनियरशी भांडली, "कुठल्या सशाला कुठली ट्रीटमेंट दिली ते झाकल्याशिवाय मी स्कोअर देणार नाही" म्हणाली, तीच मला या पत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटली. आधीच माहीत असेल तर नजर आपोआप झुकते, चांगल्या माणसाचीही. दोन जणांनी वेगवेगळं बघून स्कोअर जुळतात का हे तपासतात ते याचसाठी.

आता तो गैरसमज, स्लाइड बघायची आणि आकडा टाकायचा, त्यात काय एवढं. अहो, खड्डा बुजला म्हणजे कूर्चा आली असं नसतं. वरून गुळगुळीत दिसणारा भाग आतून तंतुमय निघतो, त्यात कोलाजेन या प्रथिनाचा टाइप १ प्रकार जास्त, सांध्याच्या मूळ कूर्चेत टाइप २ असतं, आणि ही तंतुमय भर वर्षानुवर्षांच्या दाबाखाली तेवढी टिकत नाही. स्लाइडवर सॅफ्रानिन ओ हा रंग लावला की प्रोटिओग्लायकन, म्हणजे कूर्चेला दाब सोसायला मदत करणारा घटक, असेल तिथे लाल रंग चढतो, पण तो प्रत्येक बॅचला कमीजास्त होतो म्हणून शेजारच्या निरोगी कूर्चेशी ताडून बघावं लागतं. कडा चिकटल्यात का, खालचं हाड कसं आहे, तेही बघायचं. ओ'ड्रिस्कॉल स्केल ही कूर्चेला गुण द्यायची पद्धत, तिच्यात पेशी, रंग, कडा असं मिळून 24 पैकी गुण, पण दोन स्लाइडना 16-16 मिळाले तरी एकीत पेशी छान आणि कडेला फट, दुसरीत नेमकं उलटं असू शकतं. त्यात कोवळ्या सशात हाडापर्यंत गेलेला खड्डा बराचसा आपोआप भरतो, उपचार न केलेला गुडघा तुलनेला नसेल तर श्रेय फुकट औषधाला जातं. या निकालावर पुढे माणसांवर प्रयोग करायचा की नाही ते ठरतं.

पुढे पीएचडी, टिश्यू इंजिनिअरिंग (शरीरातल्या ऊती लॅबमध्ये तयार करण्याचं शास्त्र), इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्यांची टेस्टिंग लॅब, असे रस्ते आहेत, ते तिचे तिला शोधू द्या.

एकदा तिला एक स्लाइड समजावून सांगायला सांगा, मध्ये न बोलता ऐका. आणि त्या फॉर्मचा पासवर्ड आजच तिच्या हातात द्या, ठेवायचा की रद्द करायचा ते ती बघेल.