नव्या चित्रपटाविषयी मित्राशी बोलताना

शुक्रवारी चित्रपट पाहून बाहेर पडल्यावर मित्राने ‘कसा वाटला?’ असे विचारले, तर ‘भारी’ किंवा ‘टाकाऊ’ एवढ्यावर थांबू नका. जे दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे ते आधी सांगा, म्हणजे मत आपोआप पुढे येते. तत्पूर्वी परीक्षणे वाचू नका, कारण मग दुसऱ्याचेच वाक्य आपण आपले म्हणून बोलू लागतो. गल्ल्याचे आकडे निर्मात्यावर सोडा.

२०१५ साली प्रदर्शित झालेल्या ‘कोर्ट’मध्ये न्यायालयाच्या दालनातील दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळोखात बुडतो. चित्रपट संपला असे समजून माझा मित्र तेवढ्यात दुचाकी काढायला निघून गेला. पुढचा प्रसंग त्याने पाहिलाच नाही, तरी चहाच्या टपरीवर ‘शेवट अर्धवट आहे’ असे तो तासभर ठासून सांगत होता! (तेव्हापासून श्रेयनामावली संपेपर्यंत मी खुर्ची सोडत नाही.) तेव्हा चित्रपट पूर्ण पाहिला नसेल, तर ते आधीच कबूल करा. मित्राने तो पाहिला नसल्यास मध्यंतरानंतरचे कथानक मात्र, त्याने कितीही आग्रह केला तरी, सांगू नका.