विषाणूमुळे कर्करोगाच्या गाठीचा रक्तपुरवठा वाढतो का?

विषाणूमुळे होणाऱ्या कर्करोगात गाठीला रक्त पुरवण्याची व्यवस्थाही विषाणूच करतो का, असे आपण विचारले आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही. तेव्हा हे उत्तर उपचाराचा सल्ला समजू नये. विषाणू रक्तपुरवठा वाढवतो हे खरे, मात्र बहुतेक वेळा पेशीत आधीपासून असलेली यंत्रणाच तो वापरतो.

गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार अमेरिकी शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. प्राणवायू कमी पडला की पेशीत एचआयएफ-१ हे प्रथिन साचते, त्यामुळे व्हीईजीएफ नावाचे दुसरे प्रथिन बाहेर सोडले जाते आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना गाठीच्या दिशेने फांद्या फुटतात.

गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा एचपीव्ही हा विषाणू नेमका येथे हात घालतो. त्याचे ई६ प्रथिन पेशीतील पी५३ हे प्रथिन नष्ट करवते. पी५३ची ओळख पेशीविभाजनावरचा पहारेकरी अशी करून दिली जाते. परंतु रक्तवाहिन्यांच्या वाढीला आवर घालणारे थ्रॉम्बोस्पॉन्डिन तयार होण्यातही त्याचा वाटा असतो, हे सहसा सांगायचे राहून जाते. हा आवर सुटतो आणि त्याच वेळी ई६ व विषाणूचे आणखी एक प्रथिन ई७ यांच्यामुळे व्हीईजीएफ वाढते. यात विषाणूचा लाभ काय? मला तरी दिसत नाही, कारण अशा बऱ्याच गाठींत त्याचा डीएनए मानवी गुणसूत्रात अडकून पडलेला असतो आणि नवे विषाणू तयारच होत नाहीत.

कापोसी सार्कोमा या त्वचेवर डाग उमटवणाऱ्या कर्करोगाची गोष्ट निराळी आहे. युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी १९९४ मध्ये शोधलेला एचएचव्ही-८ हा विषाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींनाच ग्रासतो. बाहेरून संदेश न येताही सतत चालू राहणारा एक ग्राही, म्हणजे पेशीवरचे संदेश टिपणारे प्रथिन, तो स्वतःच्या जनुकातून बनवतो. थोड्याच पेशींत हे जनुक जागे असले, तरी त्यांतून पाझरणारे व्हीईजीएफ आसपासच्या पेशींनाही वाढायला लावते. त्वचेवरचे डाग जांभळट-लाल दिसतात, ते या रक्तवाहिन्यांच्या दाटीमुळे.

व्हीईजीएफ रोखणारे बेव्हासिझुमाब हे औषध केमोथेरपीला जोडल्यावर बळावलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रुग्णांच्या जगण्याचा मध्यक काळ १३.३ महिन्यांवरून १७ महिन्यांवर गेल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. लाभ खरा, पण मर्यादित. कारण हे औषध रक्तवाहिन्यांना जाणारा संदेश अडवते, पेशीच्या आत ई६ आणि ई७ यांचे काम चालूच राहते.